पेटीतला हापूस पिकतो कसा

मे महिन्यात वाशीच्या मार्केटमधून आणलेली पेटी कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये ठेवली की निम्मे आंबे चट्ट्यापट्ट्यांचे का होतात? उकाड्यामुळे.

आंबा झाडावरून उतरला तरी श्वसन चालूच असतं. मेथिओनीन या अमिनो आम्लापासून तो स्वतःच इथिलीन वायू बनवतो, आणि ते इथिलीन आणखी इथिलीन तयार करायला लावतं. म्हणून एक पिकला की शेजारचे भराभर लागतात. मग अमायलेज हे एन्झाइम स्टार्चची साखर करतं, पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन तोडणारी एन्झाइम्स गर मऊ करतात, सालीतलं हरितद्रव्य जाऊन कॅरोटिनॉइडांचा पिवळा रंग दिसतो. ही सगळी कामं 20 ते 22 अंशांच्या आसपास जोडीने चालतात. तिशीच्या वर त्यांची फारकत होते: गर मऊ, साल हिरवट. आणि कच्चा आंबा 13 अंशांच्या खाली, म्हणजे फ्रिजमध्ये गेला, तर पेशींची आवरणंच बिघडतात. बाहेर काढल्यावरही तो धड पिकत नाही.

तेव्हा अढी लावायची ती बाल्कनीत नाही, घरातल्या सर्वांत गार खोलीत, लादीवर. कोरडा पेंढा, त्यावर आंब्यांचा एकच थर, वर पुन्हा पेंढा. रोज उघडून पिकलेले वेगळे काढायचे. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधणं हा उद्योग नकोच: आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच इथिलीनचा परिणाम अडवतो. व्यापारी फळं पिकवतात त्या बंद खोल्यांत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्येही, याच कारणाने अधूनमधून हवा बदलतात. तिथे इथिलीन 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) वापरायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, परवानगी आहे.

कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकवायला मात्र बंदी आहे, आणि ती योग्यच. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतं. ते इथिलीनची नक्कल करतं, पण फार कमजोर. त्यात कोवळा माल असला की साल पिवळीधमक आणि आत आंबट, बिनवासाचा गर. शिवाय औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात.

कोवळा माल ओळखायला एक आंबा पाण्यात सोडा. तयार हापूस बुडतो. तरंगला तर त्यात पुरेसा स्टार्च भरलेला नाही, मग साखर कुठून होणार? नंतर देठ कोरडा पुसा, ओल राहिली तर तिथूनच कूज सुरू होते.

साका हा गरातला दोष मात्र बाहेरून कळत नाही. कापल्यावर बाठ्याजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबट गर दिसतो. तिथे स्टार्च तसाच राहिलेला असतो. तेवढा भाग काढून टाका, बाकीचा खायला हरकत नाही.