काल्पनिक राज्याच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर निवडताना

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वस्त्या जोडून १७०२च्या सुमारास नागपूर वसवलं, असं सांगतात. माझ्या कादंबरीतलं काल्पनिक राज्य याच धर्तीवर बेतलेलं आहे. त्यातली घराणी, तलाव, वतनं, सोयरिकी असं सगळं वह्यांत आणि संगणकावरच्या सुट्या फायलींत पांगलं होतं. ते एका जागी आणायला मी सॉफ्टवेअर शोधू लागले.

वर्ल्ड अँव्हिल खास याच कामासाठी बनलंय. राजवंश, धर्म, नकाशे, कालपट, प्रत्येकाला तयार साचा. साचे फार विचारपूर्वक केलेत, पण सगळं त्यांच्या वेबसाइटवर. मला फायली माझ्याजवळ हव्या होत्या. टिडलीविकीत सगळ्या नोंदी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये राहतात, तेही आवडलं. इंजिनिअरिंगला असलेली भाची म्हणाली, "आत्या, ऑब्सिडियन पाहून घे बरं. इंटरनेट नसलं तरी चालते, अन् फायली साध्या मजकुराच्या असतात."

मग मी मराठीची परीक्षा लावली. माझ्या राज्यात 'सोनतळं' नावाचा तलाव आहे. कथेत तो 'सोनतळ्याच्या काठी', 'सोनतळ्यात' असा येतो. एका नोंदीतून दुसरीकडे नेणारे दुवे आपोआप सुचवणारी सोय नाव जसंच्या तसं शोधते, म्हणून सामान्यरूप तिला सापडत नाही. इंग्रजी लेखकांना ही अडचण क्वचितच येते, त्यामुळे सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या लेखांत तिचा उल्लेखही नसतो. मला मात्र निवडीचा खरा निकष हाच वाटतो. ऑब्सिडियनमध्ये दुहेरी चौकटी कंसात मूळ नाव, मग उभी रेघ आणि पुढे वाक्यातलं रूप लिहिलं की दुवा जुळतो. शिवाय नोंदीच्या वरच्या भागात 'सोनतळ्या' हे पर्यायी नाव म्हणून देता येतं. शोधताना मी फक्त 'सोनतळ' टाकते, दोन्ही रूपं मिळतात. तलावाचं नाव बदललं तर दुवे आपोआप सुधारतात, पण रेघेपुढचं रूप जुनंच राहतं. ते हातानंच बदलावं लागतं.

सगळ्यात वेळ खाल्ला जुन्या फॉन्टमधल्या फायलींनी. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं ओळीओळीनं तपासली. त्यातही 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध, किंवा 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधात मात्र 'दऱ्या' निसटू शकतात. नोंदी आत घेण्याआधीच सगळीकडे एकच रूप करून घ्यावं.

आता मी ऑब्सिडियनवर स्थिरावले आहे. फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर असते. वस्त्या आणि तलाव चढवून झाले, घराण्यांचं काम सुरू आहे. नकाशा मी कागदावरच काढते. नदीचं वळण मला हातानं काढल्याशिवाय सुचत नाही. त्याचा फोटो मात्र नोंदीला जोडून ठेवते.