कोनी देखं नही, म्हणून सुटत नसतं

आमच्याकडे गावात खून झाला की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "कोनी देखं का?" आणि नाही म्हटलं की तिथेच निकाल लागतो, "मंग काय, सुटी जाई तो." अमळनेर घ्या, पारोळा घ्या, चोपडा घ्या, सगळीकडे हेच. शिकलेली माणसं पण हेच बोलतात. परवा कोर्टाच्या आवारात एक जण, जो स्वतः साक्षीला आला होता, मला म्हणाला वकीलसाहेब मी काही पाहिलेलंच नाही, मग मला कशाला दिवसभर बसवून ठेवलंय. आणि त्या केसमध्ये त्याच्याच साक्षीवर अर्धं काम उभं होतं.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबेल, पण वाचा.

अमळनेरकडच्या एका गावातली केस, मी फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांच्या मदतीला होतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एकटी राहणारी म्हातारी, नवरा गेलेला, मुलगी सुरतला दिलेली. कापूस विकून थोडे पैसे घरात आलेले आणि गळ्यात सोन्याची पोत, एवढंच काय ते. सकाळी दूधवाल्याने हाक मारली, आवाज नाही, दार नुसतं लोटलेलं, आत गेला तर आजी पडलेल्या. गळा आवळलेला, पोत नाही, डब्यातले पैसे नाहीत. पाहणारं कोणी नाही, सीसीटीव्ही तर त्या गल्लीत कुठून असणार.

आता अशा केसमध्ये पोलीस आणि सरकारी वकील काय करतात, तर तुकडे गोळा करतात. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गावातल्याच एका पोराला रात्री साडेआठच्या सुमारास आजींच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं होतं. त्या पोराची गावभर उधारी, पत्त्यांचा नाद. दुसऱ्या दिवसापासून तो गावात नाही. चौथ्या दिवशी सापडला तेव्हा डाव्या हाताला ओरखडे, सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, डॉक्टरांनी लिहून ठेवले. यातलं एकेक सुटं घेतलं तर काहीच नाही हो. ओट्यावर तर कोणीही बसतं, उधारी अर्ध्या गावाची असते, ओरखडे बाभळीच्या काट्यानेही येतात. आरोपीचे वकील हेच म्हणणार, आणि त्यांनी म्हणायलाच पाहिजे, ते त्यांचं काम आहे.

परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात तो हा. कोर्ट त्याच्याकडे कसं बघतं याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका केसमध्ये आहे, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, १९८४. पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला, नवऱ्याला सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं, कारण तिची स्वतःची पत्रं वाचल्यावर आत्महत्येची शक्यता पुसून टाकता येत नव्हती. त्या निकालात पाच कसोट्या सांगितल्या, आजही देशभर प्रत्येक कोर्टात त्याच वाचल्या जातात. प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध झालेली हवी, "असेल कदाचित" चालत नाही. त्या सगळ्या आरोपीच्या अपराधाशीच जुळल्या पाहिजेत, त्यांचा रोख निर्णायक हवा, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, आणि साखळी अशी पूर्ण हवी की हे याच माणसाने केलं याशिवाय दुसरं काही म्हणताच येऊ नये. त्याच्याही आधी १९५२ ला हनुमंत नरगुंदकर यांच्या केसमध्ये हीच विचारसरणी मांडली गेली होती, ती केस तर खुनाची पण नव्हती, टेंडरच्या बनावट कागदांची होती, आणि त्यातही आरोपी सुटले. ज्या नियमांनी आज लोकांना जन्मठेपा होतात ते नियम निर्दोष सोडतानाच घडलेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कोर्टाने आधी स्वतःला बांधून घेतलं आणि मग शिक्षा द्यायला बसलं.

परत आपल्या केसवर येतो. खरी गोष्ट पोतीपासून सुरू झाली.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याला एक अपवाद आहे, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये परंतुक म्हणून आलंय. कोठडीतला आरोपी काही सांगतो आणि त्यावरून एखादी वस्तू सापडते, तेव्हा सांगण्यातला तेवढाच भाग वाचता येतो ज्याच्यामुळे ती वस्तू सापडली. "मी म्हातारीला मारलं आणि पोत खळ्यात लपवली, चला दाखवतो" यातलं "मी मारलं" कोर्ट वाचणारच नाही, "पोत खळ्यात लपवली, दाखवतो" एवढंच वाचेल. हे १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्याच्या केसमध्ये घालून दिलं, अजून तसंच चालतंय.

आणि हे सगळं कोण सिद्ध करतं तर पंच. दोन साधी माणसं. पोलीस स्टेशनला बोलावतात, त्यांच्यासमोर आरोपी सांगतो, निवेदन पंचनामा होतो, मग सगळे गाडीत बसतात आणि आरोपी म्हणेल तिकडे गाडी जाते. आमच्या केसमधला पहिला पंच फितूर झाला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला पोलिसांनी सह्यांना बोलावलं, मी सह्या केल्या, आत काय लिहिलंय माहीत नाही. कोणाच्या सांगण्यावरून म्हणाला ते गावात सगळ्यांना माहीत होतं पण कोर्टात त्याला काय अर्थ. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरं सांगतो. एका सहीवर माणूस पलटतो तेव्हा तो पोलिसांना फसवत नसतो, त्या मेलेल्या बाईचं एकमेव बोलणं बंद करत असतो.

दुसरा पंच एक सरकारी कर्मचारी होता. आता मोठ्या गुन्ह्यांत पंच म्हणून सरकारी माणसं घेतात ते याचसाठी. तो शांतपणे सांगत गेला, नाल्याजवळून गाडी डावीकडे घ्यायला आरोपीनेच सांगितलं, खळ्यात कुट्टीचा, म्हणजे बारीक कापलेल्या चाऱ्याचा, ढीग होता, आरोपीने स्वतःच्या हाताने कुट्टी बाजूला सारली, खालून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. उलटतपासणीत विचारलं की डबी कशी होती, तर म्हणाला गंजलेली, झाकण हाताने निघत नव्हतं, ड्रायव्हरने पाना-पेचकसातून पेचकस काढून दिला तेव्हा उघडली. हे पंचनाम्यात नव्हतं. बचावाच्या वकिलांनी ते पकडलं, की पंचनाम्यात पेचकस कुठेय. पण जज साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं. मला वाटतं पढवलेला माणूस गंजाचं झाकण सांगत नाही.

मग सोनार. तालुक्याच्या सराफ बाजारातला, छोटं दुकान, वय झालेलं. मुद्देमालाचं लाखेचं सील फोडलं, पोत टेबलावर ठेवली. बचावाच्या वकिलांनी विचारलं,

"शेठ, अशा पोती तुमच्याकडे किती असतील?"

"बऱ्याच."

"पेंडल सगळ्यांचं सारखंच?"

"हो, मशीनचं सारखंच येतं."

"मग ही त्याच बाईची कशावरून?"

शेठने चष्मा लावला, पोत उलटी केली आणि मागच्या आकड्याजवळची एक कडी नखाने दाखवली. म्हणाला ही कडी माझ्या हातची आहे, जुनी झिजून तुटली होती, आजी घेऊन आल्या, माझ्याकडे त्या मापाची नव्हती म्हणून जरा जाड बसवली, रंग पण बघा, बाकीच्यापेक्षा लालसर आहे. आणि काळे मणी कमी पडत होते तर त्यांनी घरून दोन आणले होते, आईच्या पोतीतले, ते हे, बाकीच्यांपेक्षा मोठे. मग दुरुस्तीची वही निघाली. तारीख, आजींचं नाव, वजन दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं, कडी एक, आणि शेवटी "निम्मे बाकी". ते निम्मे पैसे आजी कापूस विकल्यावर देणार होत्या. जप्तीच्या वेळी दुसऱ्या सोनाराकडून केलेलं वजन वहीतल्या वजनाशी जुळलं. तहसीलदारांसमोर मुलीने सारख्या दिसणाऱ्या पोतींतून हीच ओळखली होती ते आधीच आलेलं होतं, पण सोनाराच्या त्या कडीनंतर बचावाकडून पोतीबद्दल फार प्रश्नच आले नाहीत.

तरी पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोक इथेच गडबड करतात. चोरीचा माल सापडला म्हणजे खून सिद्ध झाला असं नाही. कायद्यात गृहीतक आहे, जुनं कलम ११४ चं उदाहरण (क), आता ११९, की चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता येत नाही, तो चोर किंवा चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणारा, असं कोर्ट धरू शकतं. चोर. खुनी नाही. सन्वत खान विरुद्ध राजस्थान या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं, माल मिळाला एवढ्याच एका गोष्टीवर खुनाची शिक्षा टिकवता येत नाही. खून आणि चोरी एकाच वेळी, एकाच दमात झाले हे आधी दिसलं पाहिजे, मग मधला काळ किती, वस्तू कशी, बाकीचे दुवे काय हे बघायचं. नोटा आज या हातात उद्या त्या हातात, नोटांवर नाव नसतं. म्हणून आमच्या केसमध्ये जप्त झालेल्या रोख रकमेला कोर्टाने फार वजन दिलं नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या एका केसमध्ये मी याच्या उलटं पाहिलंय. दागिने मिळाले पण तीन महिन्यांनी, ते पण सार्वजनिक विहिरीजवळच्या झुडपातून जिथे गावातलं कोणीही जाऊ शकतं, आणि पंच असा की तो त्याच पोलीस स्टेशनच्या बऱ्याच केसेसमध्ये पंच. आरोपी खुनातून सुटला, माल बाळगल्याची शिक्षा तेवढी लागली. नातेवाईक कोर्टाबाहेर रडत होते, जजला शिव्या देत होते. मी त्यांच्या बाजूचा होतो तरी त्यांना स्पष्ट सांगितलं की जज चुकले नाहीत, तपास कच्चा होता. १९७३ च्या शिवाजी बोबडे केसमध्ये जस्टिस कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलंय की आरोपी दोषी असू शकतो हे पुरेसं नाही, तो दोषी असलाच पाहिजे, आणि या दोन्हींत फार मोठं अंतर आहे. त्या अंतरात एखाद्याचं पोरगं जन्मभर तुरुंगात जाऊ शकतं, ते माझं असेल, तुमचं असेल.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की डोळ्याने पाहिलेलं नसेल तर काही होत नाही, त्यांनी पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवावं. १९७६-७७, घरात घुसून लूट आणि घरातली सगळी माणसं संपवलेली. माफीचा साक्षीदार मिळाला हे खरं, पण गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाच्या नुसत्या शब्दावर कोर्ट सहसा विसंबत नाही, बाहेरचा स्वतंत्र आधार शोधतं. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली.

आमच्या केसमध्ये आरोपीला शेवटी जज साहेबांनी एकेक परिस्थिती विचारली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "खोटं आहे." ओट्यावर बसलो नव्हतो, ओरखडे नव्हतेच, पोत माहीत नाही. आता खोटं उत्तर दिलं म्हणजे दोषी असं पण नसतं, सारडा निकालातच आहे, साखळी आधी पूर्ण असेल तरच असं खोटं जास्तीचा दुवा म्हणून जोडता येतं, तुटलेली साखळी त्याने जोडता येत नाही. ओरखड्यांचं मात्र त्याला नडलं, काट्याने लागलं म्हणाला असता तर निदान विचार करावा लागला असता, डॉक्टरांचा कागद समोर असताना "नव्हतेच" म्हणणं कोणाला पटणार. जन्मठेप लागली.

नवीन कायद्यात एक गोष्ट मला खरंच आवडली. झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक केलंय, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅप पण आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी जागेवर जायचंय, ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलीय. पंच पलटला तरी कुट्टीखालून डबी काढणारा हात दिसेल. अर्थात व्हिडिओ नीट जपला पाहिजे, त्याचं प्रमाणपत्र जोडलं पाहिजे, ते नसलं तर काय होतं हे २०२० च्या अर्जुन खोतकर निकालानंतर प्रत्येक तपास अधिकाऱ्याला पाठ असायला हवं, अजून नाहीये.

आणि घरात आई, आजी, मावशी एकट्या राहत असतील तर त्यांच्या दागिन्यांचे जवळून फोटो काढून ठेवा, पुढून मागून दोन्ही, सोनाराची पावती टाकून देऊ नका, दुरुस्तीची पण. पंच म्हणून बोलावलं तर जा, पण पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, वाचायला वेळ मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि जे पाहून सही केली ते चार वर्षांनी कोर्टात पण तसंच सांगा, समोर कोणीही बसलेला असो.

आमच्या केसचं अपील औरंगाबाद खंडपीठात आहे. पोतीवर तिथे फार वाद होईल असं मला वाटत नाही. खरा वाद गिरणीवाल्याच्या साडेआठवर होणार, आरोपीला शेवटचं पाहिलं तेव्हापासून मृत्यूपर्यंत किती वेळ गेला आणि त्या वेळात दुसरं कोणी आत जाऊ शकलं असतं का. शवविच्छेदनाच्या रिपोर्टमध्ये जेवण पोटात जवळजवळ न पचलेलं आहे आणि आजी रोज आठच्या आत जेवायच्या हे शेजारणीच्या जबाबात आलंय, ती ओळ खालच्या कोर्टात नुसती ओझरती वाचली गेली, त्यामुळे अपिलाच्या टिपणात मी सरकारी वकिलांना तीच सगळ्यात आधी घ्यायला सांगितलंय.