घरचा तेरडा

शनिवार, रात्री साडेनऊ

गेल्या वर्षी जांभळी नाक्यावरून गौरीसाठी तेरड्याची जुडी आणली होती. मुळांसकट, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं, ती तुटता कामा नयेत असं आई दरवर्षी बजावते. गौर विसर्जनाला निघाली तेव्हा पाटाभोवती बारीक तपकिरी बिया सांडलेल्या दिसल्या. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं, सालं गर्रकन गुंडाळली जातात आणि बिया पार लांब उडतात. त्या पुडीत बांधून ठेवल्या, यंदा जूनमध्ये गॅलरीतल्या दोन कुंड्यांत टाकल्या. बाकीचं ठाण्याच्या पावसाने केलं.

शेजारी नर्सरीतला डबल तेरडाही आहे, गुलाबासारखा भरगच्च. त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. पाकळ्याच इतक्या की आत शिरायला वाट नाही. रानच्या एकेरी फुलाला मागे बारीक वाकडी सोंड असते, मध तिच्या टोकाशी. आज सकाळी निळ्या पट्ट्यांची मधमाशी आली. ही पोळ्यात राहत नाही, मादी एकटीच मातीत बीळ करते. फुलात घुसली आणि पाठीवर पांढरट पराग घेऊन बाहेर आली, लगेच पुढच्या फुलात. तेरड्याचे पुंकेसर टोपीसारखे स्त्रीकेसरावर बसलेले असतात. ती टोपी गळून पडली की मगच फूल दुसऱ्याचे पराग घेतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्या तीन दिवसांत केवढं काय उरकायचं असतं त्याला!

एका झाडाची पानं मात्र हॉकमॉथ नावाच्या पतंगाच्या अळीने फस्त केली आहेत. काळसर अळी, अंगावर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग, चालताना शेपटीचं शिंग पुढेमागे हलतं. शेजारच्या काकू औषध फवारायला देत होत्या. मी नको म्हटलं. उरलेली पानंही खाऊ दे तिला.

उद्या गौरी आवाहन. आई म्हणाली, यंदा घरचाच तेरडा घेऊ या की. बॅटरी घेऊन दोघी गॅलरीत गेलो, तर सगळ्यात बहरलेल्या झाडाच्या काडीला जबड्याने घट्ट धरून एक निळ्या पट्ट्यांचा नर झोपलेला. रात्री ते असेच झोपतात. आई बराच वेळ वाकून बघत राहिली.

"हे राहू दे," ती हळूच म्हणाली. "पलीकडच्या कुंडीतलं काढ सकाळी. मुळं सांभाळून."