तुळशीच्या लग्नाचा मान

कार्तिक शुद्ध द्वादशी, रात्र

वाडीतली तुळशीची लग्नं आटोपली. आईंची कूस आत्ताच बदलली, म्हणजे पुढचे दोन तास माझे. या आश्विन-कार्तिकात वाडीने जे केलं ते लिहून ठेवायचं मनात होतं, ते आज लिहिते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण समजतं सगळं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबा, टाच, जिथे हाड कातडीला लागून असतं तिथे दाब पडून रक्त पोचत नाही आणि बघता बघता जखम होते. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही. त्यामुळे कुठल्याही सणाला निघताना मला आधी घड्याळ दिसतं. देवळात जाऊन यायला किती, पूजेला किती, परतायला किती.

गणपतीत हा प्रश्न येत नाही. मुंबईहून दीर, जावा, पोरं येतात, आईंच्या खोलीत सारखं कोणी ना कोणी असतं. विसर्जन झालं की चाकरमानी परत जातात, पितृपक्षात घर एकदम ओस पडतं आणि मग घट बसतात. दसरा, कोजागरी, दिवाळी, तुळशीचं लग्न हे आमच्याकडे मागे राहिलेल्या माणसांचे सण. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांचं करणाऱ्या बायका. २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ बायका होत्या, सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९२९. गिरण्यांच्या काळापासून पुरुष पोटासाठी बाहेर जात राहिले, त्याचा हा हिशेब. आमचे हेसुद्धा कामाला गोव्यात, शनिवारी रात्री येतात. त्यात हेच दिवस भातकापणीचे. हळवं भात दसऱ्याच्या आसपास तयार होतं, परतीचा पाऊस डोक्यावर असतो, कापलेलं भिजायच्या आत उचलून खळ्यात आणायचं असतं. अशा वेळी कोणाला म्हणायचं, ये, आमच्याकडे बस म्हणून? मला तरी कोणाला बोलवायचा धीर होत नव्हता.

दसऱ्याला ग्रामदेवतेच्या देवळात तरंग निघतात. साड्या नेसवलेल्या त्या उंच काठ्या, ढोल, आपट्याच्या पानांसाठी उडालेली झुंबड, हे मी लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी बघत आले होते आणि आईंच्या आजारपणापासून बंद झालं होतं. यंदा दुपारी शेजारची काकी मागच्या दाराने आली आणि म्हणाली, "तू जा गो देवळात. मी बसतंय हंय. कूस कशी बदलूची ता दाखय माका."

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. "काय लागलं तर सांग" असं सगळेच म्हणतात, मनापासून म्हणतात. पण मग काय लागतं ते शोधायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं, समोरच्याला सवड आहे का ते बघायचं, हे सगळं परत आपल्याच अंगावर येतं. काकीने कामच मागून घेतलं. मी तिला दाखवलं. गुडघा आधी वाकवायचा, खांदा आणि कंबर एकदम धरून वळवायची, ओढायचं नाही, पाठीला उशी लावायची, पोटऱ्यांखाली दुसरी उशी, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. तिने एकदा माझ्यासमोर करून बघितलं आणि मला घालवून दिलं.

देवळात गाऱ्हाणं चाललं होतं. गुरवाने गावातल्या रयतेचं, गुराढोरांचं, शेताभाताचं सगळं देवाच्या कानावर घातलं आणि प्रत्येक मागणीला लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते. अंथरुणावर असलेल्यांना सांभाळ, असंही आलं त्यात. त्या "व्हय म्हाराजा"त माझा आवाज होता, याचं मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. घरी आले तर काकी आणि आई दोघी जुन्या कुठल्याशा लग्नातल्या भांडणावर बोलत होत्या. दोघी या वाडीत एकाच सुमारास नव्या नवऱ्या म्हणून आलेल्या. आईंशी मी दिवसभर औषधाचं, जेवणाचं, दुखण्याचं बोलते. त्यांच्या तरुणपणीचं बोलणारं माणूस मी कुठून होणार?

कोजागरी, म्हणजे आमची नवान्न पौर्णिमा, घरातच केली. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल असं नवं दाराला बांधलं, एक आईंच्या खाटेलाही बांधलं.

चावदिवसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे तुळशीपुढे कारीट, एक छोटं कडू रानफळ, फोडायचं असतं, डाव्या पायाच्या अंगठ्याने, "गोविंदा" म्हणत. आईंचा डावाच पाय गेलेला. मी विचारलं, उजव्याने फोडूया का? त्यांनी मान हलवली, नाही. मग वाटीभर कारटांतलं जून, पिवळं झालेलं, हाताला मऊ लागणारं एक निवडलं, जमिनीवरच्या पाटावर ठेवलं, त्यांना खाटेच्या कडेला बसवून मागून भावजयीच्या मुलीने धरलं. त्यांचा अंगठा कारटावर टेकवला आणि वरून माझ्या तळव्याने दाब दिला. टाचेवर जोर येणार नाही एवढंच बघत होते. फट् झालं, बिया पाटावर उडाल्या. आईंनी "गोविंदा" म्हटलं, अर्धं स्पष्ट, अर्धं ओठातच. कारटाचा रस बोटाने त्यांच्या ओठाला लावला तेव्हा कडूपणाने तोंड वाकडं केलं आणि मग हसल्या. नरकासुर आमच्याकडे तसा मेला.

पोह्यांचं मात्र मी आदल्या दिवशीपासून ठरवत होते. झटक्यानंतर गिळण्याच्या स्नायूंवरचा ताबा कमी होतो. पाण्यासारखं पातळ चटकन घशात उतरतं, श्वासनलिकेत जातं आणि ठसका लागतो; कोरडं असेल तर तोंडात विखुरतं. दाटसर, मऊ, एकजीव असेल तेच नीट जातं. म्हणून तिखट पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पाहुण्यांना ठेवली आणि आईंसाठी नव्या भाताचे पोहे नारळाच्या दाट रसात, गूळ-वेलची घालून, अगदी गळेपर्यंत भिजवले आणि पळीने घोटले. सरळ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे, लहान चमचा उजव्या गालाच्या बाजूने, एक घास उतरला की मग दुसरा. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्या अर्ध्या तासात वाडीतली माणसं पोहे खायला येत-जात होती, त्यामुळे आई यजमानीणबाईसारख्या सगळ्यांसमोर बसून होत्या. एरवी त्यांना भेटायला येणारे खाटेपाशी उभे राहून जातात. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून खात होते. आजारी माणसाच्या घरी सणाला जाऊ नये, त्रास होतो, असं काही जण समजतात. मला वाटतं अवश्य जावं, थोडा वेळ जावं आणि आपली ताटली आपण विसळून ठेवावी.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. ओवाळून झाल्यावर पाकीट काढायला लागला तर मी म्हटलं, ते राहू दे, तू आजची रात्र राहशील का? त्याने संध्याकाळी माझ्याकडून कूस बदलायला, लघवीचं बघायला शिकून घेतलं, आईंनाही विचारलं, चालेल ना? त्या म्हणाल्या, चालेल. आणि मी पलीकडच्या खोलीत दार लावून झोपले ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. अशी ओवाळणी मला आजवर कोणी घातलेली नाही.

आता आजचं. वरच्या अंगाला एक निवृत्त गुरुजी राहतात, बायकोचं सगळं एकटे करतात. तिला स्मृतिभ्रंश आहे. दिवसभर शांत असतात त्या, पण ऊन कललं की बेचैन होतात, स्वतःच्याच पडवीत उभ्या राहून "घरी चला" म्हणतात. या आजारात पुष्कळांना संध्याकाळीच असा त्रास वाढतो. तुळशीचं लग्न नेमकं तिन्हीसांजेला, त्यात फटाके. गुरुजींनी दोन वर्षं लग्न लावलंच नव्हतं. करणारी बाईमाणूस असती तर शेजारणींत एखादी तरी आत गेली असती, विचारपूस केली असती. पुरुष करतोय म्हटल्यावर सगळेच अंगणापर्यंत थांबतात, हे माझं निरीक्षण आहे आणि ते मला बरोबर वाटत नाही.

आमच्याकडे लग्नं लावत पोरंसोरं, भटजी, सगळी वाडी घरोघर फिरते आणि पहिला मान गावकरांच्या तुळशीचा. तो क्रम मोडायची गोष्ट कोणी काढली नव्हती. काल काकीने आणि मी मिळून काढली. गावकर आजोबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "देव काय रागावूचो नाय. पयला लगीन गुरुजींच्या दारात."

म्हणून आज सूर्य मावळायच्या आधीच सगळे तिथे गेलो. वृंदावन रंगवलेलं, शेजारी दिंड्याची काठी आणि ऊस, फांदीला चिंचा-आवळे. फटाके नाहीत, हे पोरांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी ते नदीकडच्या वाटेवर नेऊन मागाहून वाजवले. मंगलाष्टकं हळू आवाजात म्हटली. गुरुजींच्या बायकोच्या हातात अंतरपाटाचं एक टोक दिलं. लग्न लागलं, अक्षता पडल्या, चुरमुरे-खोबरं वाटून झालं तरी त्या टोक सोडेनात. कोणी ओढलं नाही. अंतरपाट त्यांच्याकडेच ठेवला आणि पुढच्या घरी दुसरं उपरणं घेतलं. दिवेलागणीला गुरुजींचं दार बंद होतं, अंगण शांत होतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. देवळात नवरात्राच्या रात्रींना पाळ्या ठरलेल्या आहेत, भजनाला आहेत, जत्रेच्या कामांनाही आहेत. कोणत्या घराची पाळी कधी, हे वहीत लिहिलेलं असतं आणि मुंबईला असलेलं घरसुद्धा आपली पाळी चुकवत नाही, स्वतः येतं नाहीतर माणूस देतं. मग जिथे अंथरुणावर माणूस आहे अशा घरांसाठी सणाच्या दिवशी दोन-दोन तासांची पाळी त्याच वहीत का नसावी? मुंबईकरांनाही त्यात धरता येईल. गणपतीला आले की शिकून घेतील, दिवाळीला एखादा दिवस येतील. आम्हा करणाऱ्यांना कोणाची उपकाराची भाषा नको असते. पाळी असली की मागावं लागत नाही, आणि येणाऱ्यालाही आपण चोंबडेपणा करतोय असं वाटत नाही.

आता जत्रांचे दिवस येतील. दशावतार उशिरा उभा राहतो, दहीकाला उजाडताना. सगळी रात्र मला नकोच आहे, पण एक आख्यान सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची फार इच्छा आहे, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या लागतील. जत्रेच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. पहिल्या पाळीला काकीने आपलं नाव सांगून ठेवलंय, दुसरीला भाऊ येईन म्हणतो. गुरुजींच्या घरासाठी मात्र अजून कोणी नाही, आणि तिथे एखादा बाप्या माणूसच गेला तर बरं. उद्या खळ्यावर सगळे भेटतील तेव्हा विचारते.