रिपोर्ट नॉर्मल, झोप मात्र गायब

मेनोपॉजचं औषध लागू पडायला काही आठवडेच लागले. ते लिहून मिळायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

रात्री छातीतून आग उठायची, मानेवर चढायची, गाऊन पाठीला चिकटायचा. पांघरूण भिरकावायचं आणि लगेच हुडहुडी भरली की तेच ओढून घ्यायचं. पाळी मागेपुढे होत होतीच. पहिल्या डॉक्टरांनी रक्तातलं एफएसएच, म्हणजे पाळी जाताना वाढणारा हॉर्मोन, तपासायला लावलं. नॉर्मल आलं. "बघा, मेनोपॉज नाहीये, टेन्शन घेऊ नका." मग हा घाम कसला? तर "या वयात होतं थोडंफार." म्हणजे मेनोपॉज नाही, पण वयाचं आहे! पुन्हा तपासलं तर आकडा वर, त्यानंतर परत खाली. दर वेळी नवी अपॉइंटमेंट, बाकावर ताटकळणं, आत गेल्यावर नजर माझ्याकडे नाही, कागदाकडे. एकांनी तर झोपेची गोळी देऊन बोळवण केली. पाळी जाण्याआधीच्या काळात हा हॉर्मोन असाच वरखाली होतो. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरून आणि पाळीवरून करावं, त्यासाठी एफएसएच करू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं 2015 मध्येच सांगितलंय. पुन्हा हीच तपासणी लिहून दिली तर सरळ विचारा, "आकडा काहीही आला तरी उपचार बदलणार आहेत का?" थायरॉइड मात्र तपासून घ्या, घाम आणि धडधड त्यानंही होते.

शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी माझी फाइल बाजूला ठेवून वही मागितली. पाळीच्या तारखा, रात्री किती वेळा जाग आली, सगळं मी टिपून ठेवलं होतं. तुम्हीही ठेवा.

त्यांनी त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेन जेल दिलं आणि सोबत प्रोजेस्टेरॉन. गर्भाशय असेल तर ते हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. घरच्यांनी लगेच कॅन्सरचा विषय काढला. ही धास्ती हॉर्मोन उपचारांवरच्या 2002 च्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त. दोन्ही हॉर्मोन बरीच वर्षं घेतले तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीनं वाढतो, तसा जेलनं वाढत नाही. जेल वाळल्याशिवाय कपडे घालू नका.

आहारानं घाम थांबतो असं मी तरी म्हणणार नाही. संध्याकाळची कॉफी आणि तिखट सोडल्यावर रात्री जरा बऱ्या गेल्या, इतकंच. सोयाबीनचा कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. मला नाही झाला. खाण्याकडे लक्ष द्यायचं ते हाडांसाठी: पन्नाशीनंतर रोज सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय ड जीवनसत्त्व, पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलायचा व्यायाम.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना सहसा हॉर्मोन देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिनसारखी औषधं आहेत. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध चालू असेल तर घामासाठीच दिलं जाणारं पॅरॉक्सेटिन टाळतात, म्हणून चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.

आणि एक राहिलंच. पाळी बंद होऊन बारा महिने उलटल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी लगेच दाखवा. तिथे मात्र कुणी "वयाचं आहे" म्हणालं तर ऐकू नका.