‘किस’ पिनबॉल आणि टर्मिनलवरचे 19 दिवस

बॅली या अमेरिकन कंपनीचं 1979 चं ‘किस’ पिनबॉल, म्हणजे उतरत्या पटावर लोखंडी गोळी उडवत खेळायचं मशीन. साधारण 17,000 मशीन्स निघाली होती, त्यामुळे शोधलं तर मिळतं. डोंबिवलीच्या घरी दादाच्या कॅसेटवर ‘किस’ हा रॉक बँड ऐकला तेव्हापासून मला ते हवं होतं. इलिनॉयच्या एका गृहस्थांशी दोन फोनमध्ये सौदा ठरला. मशीन मी राहतो त्या न्यू जर्सीत आलं आणि मालवाहतूक कंपनीच्या टर्मिनलवर अडकलं.

कारण एकच: कागदावर ‘लिफ्टगेट’ लिहिलेलं नव्हतं. ट्रकच्या मागची ती खाली-वर होणारी फळी नसेल, तर शंभर किलोंहून जड पेटी घरासमोर उतरवायची कशी? मी पहिल्याच दिवशी सांगितलं, जादा पैसे घ्या. उत्तर आलं, बदल पाठवणाऱ्यानंच करायला हवा. त्यांनी त्याच दिवशी केला. मग ‘आमच्याकडे अजून दिसत नाही’. दिसला, तर डिलिव्हरीच्या वेळा ठरवणाऱ्या बाई रजेवर. साठवणभाडं मात्र रोज चढतच होतं. बाराव्या दिवशी सुट्टी टाकून स्वतः गेलो. आत सोडलं नाही, पण दारातून पॅलेट दिसत होतं आणि माझ्या पेटीवर कुणाचे तरी खोके रचलेले! आत मशीनच्या डोक्यावरची, बँडमधल्या चौघांच्या रंगवलेल्या चेहऱ्यांची ती काच. तिच्या मागच्या बाजूचा रंग सुटायला लागला की पोपडे निघतात, तो परत मिळत नाही. खोके हलवल्याशिवाय मी खिडकीवरून हललो नाही. तरी आणखी सात दिवस गेले.

म्हणून सांगतो, माल निघण्याआधीच बिलावर ‘लिफ्टगेट’ आणि ‘घरपोच’ हे दोन्ही शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ड्रायव्हर कितीही घाई करो, वेष्टण काढून बघितल्याशिवाय सही करू नका. माझ्या पेटीचा पुढचा कोपरा दबलेला होता. तो पावतीवर लिहून मगच सही केली, म्हणून भरपाई मिळाली.

पाठवणाऱ्याला हेही सांगा: वरचं डोकं बोल्ट काढून वेगळं करायचं, काच वेगळी गुंडाळायची, आतली लोखंडी गोळी काढून ठेवायची. ती आत राहिली तर प्रवासभर आपटत राहते. किल्ली पेटीत बंद करू नका. आणि हो, हे खरं तर सौदा करण्याआधीच: मुख्य सर्किट बोर्डाचा फोटो मागा. त्यावरची जुनी बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. माझ्या मशीनची बॅटरी आधीच्या मालकांनी वेळीच काढली होती.

रात्री आठला मशीन चालू केलं. बोर्डावरचा छोटा दिवा सात वेळा लुकलुकला पाहिजे. सहा झाले, मग तो थांबला. सातवा कॉइलचे (गोळीला धक्का देणाऱ्या विद्युतचुंबकांचे) 43 व्होल्ट पोहोचले तरच येतो. मी श्वास रोखून उभा होतो.

आला. लगेच दादाला व्हिडिओ कॉल लावला. डोंबिवलीत पहाटेचे साडेपाच वाजले होते, तरी त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.