स्टेज २ : २०, २२ की २३ जुलै?

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसने लपवलेला डबा शोधायचा खेळ, आणि आपली ही टप्प्याटप्प्याची 'मल्टी': स्टेज २ ला दफनभूमीतल्या दगडावरच्या तारखेतून डब्याच्या जागेचे आकडे काढायचे. गेल्या अपडेटमध्ये ही स्टेज २ पक्की झाली असं लिहिलं होतं. नाही झाली. दोन डीएनएफ ('डबा सापडला नाही' अशा नोंदी) आलेत, दोन्ही मक्याच्या शेतातून: एक फायनलच्या, म्हणजे डब्याच्या खऱ्या जागेच्या, ३७ मीटर उत्तरेला, दुसरा ५६. पिकात पडलेल्या पाऊलवाटा बघून शेतमालक भडकायच्या आत हे निस्तरायला हवं, म्हणून मल्टी सध्या डिसेबल.

थडग्याचा दगड वाचण्यात कुणाची चूक नाही. संगमरवर साखरेसारखा सुटत चाललाय, ३ आणि ८ एकसारखे दिसतात, पण आरशाने तिरपा कवडसा पाडला की आकडे उठून येतात. ३० बाय ४० सेंटिमीटरचा साधा आरसा पुरतो. उजेड दगडाला जवळजवळ घासत गेला पाहिजे. शेव्हिंग फोम, खडू, पीठ, तारेचा ब्रश यातलं काहीही दगडाला लावायचं नाही, हे पुन्हा सांगायला लागू नये.

घोळ वयावरून जन्मतारीख काढण्यात आहे. मृत्यू १२ मार्च १८६१, वय ३४ वर्षं ७ महिने २० दिवस. आधी दिवस, मग महिने, मग वर्षं वजा केली तर जन्म २० जुलै १८२६. वर्षांपासून सुरुवात केली तर २३ जुलै. आणि वंशावळवाल्यांचं लाडकं ८८७० सूत्र (१८६१०३१२ वजा ३४०७२०, वजा ८८७०) देतं १८२६०७२२, म्हणजे २२. ते सूत्र प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतं, इथे मध्ये २८ दिवसांचा फेब्रुवारी आला. तारखेचे दोन आकडे आपण उत्तर अक्षांशाच्या मिनिटांत दशांशचिन्हानंतर लगेच बसवले होते. तिथे ०.०१ मिनिट म्हणजे १८.५ मीटर. दोन दिवस चुकले की ३७, तीन चुकले की ५६. डीएनएफ नेमके तिथलेच.

पहिला उपाय: तारीख एक घर उजवीकडे सरकवायची. मग तीन दिवसांची चूक साडेपाच मीटरवर येते; झाडाखाली फोन तेवढा चुकतोच. पण कुंपणालगत प्रेअरीचा पट्टा राखलाय, साडेपाच मीटर चाचपडणं म्हणजे तो तुडवणं. बाद.

हे लिहिता लिहिता सुचलं: वय हवंय कशाला? पश्चिमेच्या रांगेत झिंकचं स्मारक आहे, ब्रिजपोर्टच्या मॉन्युमेंटल ब्रॉन्झ कंपनीचा तो निळसर-राखाडी 'व्हाइट ब्रॉन्झ'. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी आकडे काल ओतल्यासारखे. त्यावरची मृत्युवर्षं घ्यायची, वजाबाकी नाहीच. धोका एकच: ही स्मारकं आतून पोकळ, पाट्या स्क्रूने बसवलेल्या, आणि नवख्यांचे हात शिवशिवतात. म्हणून वर्णनाची पहिलीच ओळ: डबा कुंपणाच्या आत नाही. स्टेज व्हर्च्युअल, म्हणजे तिथे काही लपवलेलं नाही, त्यामुळे डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर ठेवायचा नियम आड येत नाही.

चेकसमला, म्हणजे आकडे बरोबर आले का ते ताडायला, नुसती बेरीज देऊ नका. १८७२ आणि १८२७ ची बेरीज सारखीच. प्रत्येक आकडा त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करा: ४६ आणि ५१. अदलाबदल लगेच पकडली जाते.

डब्याची बातमी मात्र झकास. प्रीफॉर्मने (बाटली फुगवण्याआधीची जाड प्लास्टिकची नळी) आयोवाचा अख्खा हिवाळा काढला, लॉग कोरडा ठणठणीत. क्लिपवाल्या डब्यांच्या बिजागऱ्या कडाक्याच्या थंडीत तडकतात, त्यांच्या नादी लागू नये. सोबत पेन्सिलच, बॉलपेन गारठतं.

टाउनशिप ट्रस्टींची परवानगी उत्तरेच्या एकाच खांबापुरती आहे, त्यामुळे फायनल हलणार नाही. नवा फॉर्म्युला जुन्याच कोऑर्डिनेट्सवर उतरवायचाय. उत्तरेचे आकडे जुळलेत, पश्चिमेचे अजून ४ ने चुकताहेत.